सत्त्याहत्तराव्या मिनिटाचा संप

फुटबॉलच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला पुणतांब्याचा माणूस कशाला? लेखकाचा फोन आला तेव्हा मी त्याला हेच विचारलं. आमच्या गावात फुटबॉल नाही. म्हणजे शाळेत एक असतो, कपाटावर, हवा गेलेला. पंधरा ऑगस्टच्या साफसफाईत तो खाली येतो आणि झटकून परत वर जातो. पोरं टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात, यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो, थोडीफार कबड्डी. गोदावरीचा काठ, चांगदेवांची समाधी, दौंड–मनमाड लाइनीवरचं शिर्डीला फाटा फुटणारं जंक्शन, आणि २०१७ चा संप. बाहेरचे लोक आम्हाला एवढ्यावरच ओळखतात.

"त्या संपासाठीच तर तुम्ही हवेत," तो म्हणाला. "तुम्ही लोकांनी स्वतःचं दूध रस्त्यावर ओतलं. माझं पुस्तक तसल्याच माणसांवर आहे."

मला ते ओढूनताणून जोडल्यासारखं वाटलं. पण पोरगं कोल्हापूरचं, आणि कोल्हापूरशी माझं जुनं नातं, म्हणून हस्तलिखित ठेवून घेतलं. कांदा काढणीच्या दिवसांत रात्री थोडं थोडं वाचत गेलो. एका प्रसंगापाशी येऊन थांबलो आणि त्या रात्री पुढे वाचलं नाही.

प्रसंग असा. ६ फेब्रुवारी २०१६. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबच्या ॲनफिल्ड मैदानावर संडरलंडशी सामना. क्लबच्या अमेरिकन मालकांनी पुढच्या हंगामाचे दर जाहीर केले होते आणि सर्वांत महागडं तिकीट ७७ पौंडांवर नेलं होतं. पाठीराख्यांनी ठरवलं की सामन्याला यायचं, ओरडायचं, आणि बरोबर सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून चालू लागायचं. तो क्षण आला तेव्हा आपला संघ दोन–शून्यनं पुढे होता. तरी सुमारे दहा हजार माणसं उठली. जिन्याजिन्यांवरून माणसं खाली उतरत राहिली आणि मैदानावर खेळ चालूच. मग उरलेल्या तेरा मिनिटांत संडरलंडनं दोन गोल केले. सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांनी मालकांनी माफी मागितली आणि ७७ पौंडांचं तिकीट रद्द केलं.

ते दोन गोल वाचून मला आमची गाय आठवली.

१ जून २०१७ च्या पहाटे संपाचा पहिला दिवस उजाडत होता. डेअरीला दूध घालायचं नाही, भाजी बाजारात न्यायची नाही, असं एप्रिलमध्ये ग्रामसभेत ठरलेलं. मागण्या सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत: सातबारा कोरा करा, शेतमालाला हमीभाव द्या, दुधाचे भाव वाढवा. हे सगळं माणसांना कळत होतं. गाईला काय कळणार? ती नेहमीच्या वेळेला हंबरायला लागली. धार काढली नाही तर सडाला दगडी होते, म्हणजे संप आपला आणि शिक्षा तिला. तेव्हा धार काढली. चौदा लिटर. कॅन ओट्यावर आणून ठेवला आणि घरातली चार माणसं त्याच्याभोवती उभी राहिली, कोणीच हात लावीना. शेवटी आई म्हणाली, "अगोदर वासराला पोटभर पाजा. मग शेजारीपाजारी द्या. त्यातून राहील ते घाला तुमच्या सरकारला." राहिलं ते मीच ओतलं. डांबरावरून दूध धूळ घेत कसं पुढे सरकतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी टीव्हीवर एक बाई अन्नाच्या नासाडीबद्दल बोलत होत्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं जातं त्याला नासाडी शब्द शिकवावा लागत नाही. लिव्हरपूलची ती माणसं घरी जाताना मागून प्रतिस्पर्ध्याच्या गोलाचा गलका ऐकत गेली असतील. कामगाराच्या संपात यंत्र थांबतं आणि मालकाचं नुकसान होतं. शेतकऱ्याच्या आणि पाठीराख्याच्या संपात नुकसान आधी त्याचंच, आणि तेही अशा गोष्टीचं, जिच्यावर त्याचा जीव आहे. हा संप चमत्कारिक असतो आणि म्हणून तो क्वचितच होतो.

या पुस्तकाचा विषय म्हणजे मैदानाच्या पायऱ्यांवर बसणारी ही माणसं. खेळाडू नव्हेत, प्रशिक्षक नव्हेत, मालक तर नव्हेतच. त्यांना काय म्हणायचं इथपासून अडचण. 'फॅन' शब्द सगळ्यांना कळतो, पण तो छताच्या पंख्यालाही चालतो. 'चाहता' म्हटलं की डोळ्यांपुढे नटाच्या बंगल्याबाहेरची गर्दी येते. कोल्हापूरची वर्तमानपत्रं 'समर्थक' लिहितात. तो शब्द आमदाराच्या गाडीमागून पळणाऱ्यांनीही वापरून मळवला आहे. मला 'पाठीराखा' आवडतो. पाठ राखायची म्हणजे उभं राहायचं मागे, दिसायचं कोणाला नाही, आणि पुढचा माणूस पळाला तरी आपण तिथंच.

त्यांचा आणि खेळाचा कायदेशीर संबंध काय, हे मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. पाठीराखा हा कूळ आहे. पिढ्यानपिढ्या जमीन कसतो, बांध घालतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं ते त्यालाच ठाऊक. पण सातबारा काढला तर नाव दुसऱ्याचं. 'इतर हक्कां'च्या रकान्यातसुद्धा त्याची नोंद नाही. मालक बदलतो, क्लब विकला जातो, नाव फिरतं, गावच बदलतं, आणि कुळाला ते वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. आपल्याकडे कुळांसाठी १९४८ चा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. फुटबॉलच्या जगात असं संरक्षण फार थोड्या ठिकाणी मिळतं. जर्मनीत क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत असा नियम आहे. दोन-चार अपवाद आहेत, त्यांच्यावरून तिथं अजून भांडणं होतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तिथल्या लीगनं प्रसारणाच्या उत्पन्नातला वाटा एका गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं, तेव्हा पाठीराख्यांनी सामन्यामागून सामन्यात मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. चेंडू वेचता वेचता पंच थकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं तो व्यवहार सोडून दिला. टेनिसच्या चेंडूचा इतका चांगला उपयोग आमच्या गावातल्या क्रिकेटपटूंनीही केलेला नाही.

आता कोल्हापूर. पुस्तकाचा गाभा तिथं आहे आणि मलाही तिथं जरा रेंगाळायचं आहे.

१९८८ साली मी शिकायला कोल्हापुरात गेलो आणि मंगळवार पेठेत खोली घेतली. खानावळ चालवणाऱ्या काकूंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तिसरा प्रश्न विचारला, "तालीम कुठली?" मला वाटलं, व्यायामाबद्दल विचारतायत. म्हटलं, मी कुस्ती नाही खेळत. सगळी पंगत हसली. कोल्हापुरात तालीम म्हणजे आखाडा हा झाला अर्धा अर्थ. लाल मातीचा आखाडा तिथं होता किंवा आहे. पण त्याच तालमीचा गणपती, त्याच तालमीचं शिवजयंतीचं नियोजन, पंचगंगेला पूर आला की त्याच तालमीची पोरं कंबरभर पाण्यात, आणि त्याच तालमीचा फुटबॉल संघ. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर, फुलेवाडी. ही नावं मी त्या पंगतीत शिकलो, अभ्यासक्रमाच्या आधी.

जगात बहुतेक ठिकाणी आधी क्लब निघतो आणि मग त्याला पाठीराखे मिळतात. कोल्हापुरात क्रम उलटा. माणसं आधीपासूनच तिथं होती, एका गल्लीची, एका नळाच्या पाण्याची; फुटबॉल नंतर आला, संस्थानी काळात, आणि त्या माणसांना भांडायला आणखी एक निमित्त मिळालं. तिथं याला 'ईर्षा' म्हणतात. प्रमाण मराठीत हा शब्द वाईट आहे. कोल्हापुरात तो जवळजवळ सद्गुण आहे. ईर्षेनं खेळला म्हणजे मनापासून खेळला.

शाहू स्टेडियमवर दुपारचा सामना असला की दोन वाजल्यापासून पेठ हलायला लागायची. दुचाकीवर तिघं, एकाच्या हातात गुंडाळलेला झेंडा, दुसऱ्याच्या हलगी. पायऱ्यांवर कोणी कुठं बसायचं हे कुठं लिहिलेलं नसायचं, पण चुकून पलीकडे बसलात तर पाच मिनिटांत कळायचं. पायऱ्यांवरून खेळाडूला नावानं, बापाच्या नावानं, प्रसंगी त्याच्या थकलेल्या उधारीच्या नावानं हाक मारली जायची. तो आपल्याच गल्लीचा ना! संध्याकाळी तोच दूध आणायला दिसणार. युरोपात खेळाडू आणि पाठीराखा यांच्यामध्ये आता कोट्यवधी पौंडांची भिंत आहे. इथं मधे फार तर एक चहाची टपरी.

आणि काकू. त्या मैदानावर कधी गेल्या नाहीत. पायऱ्यांवर बायका तेव्हा दिसतच नसत, आजही हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पण निकाल त्यांना आमच्या आधी कळलेला असायचा. बुधवारी तांबडा-पांढरा ठरलेला. एका बुधवारी ताटात आमटी-भात आला. कोणीतरी विचारलं, काकू, मटण? "गप खावा," त्या म्हणाल्या. "हरलोय आज. मी बी आमटीच खानार हाय." संपाचा तो पहिला धडा मला एका खानावळीत मिळाला, असं आता म्हणता येईल.

या शहराचं प्रेम आपल्या गल्लीपुरतं थांबत नाही, हेही खरं. विश्वचषक आला की अर्धं कोल्हापूर ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं होतं. चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे फलक लागतात. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिना जिंकल्यावर फटाके फुटले ते कुठली महापालिका जिंकल्यावरही फुटले नसतील. त्याच वर्षी केरळातल्या पुल्लावूर गावच्या लोकांनी नदीच्या पात्रात मेस्सी आणि नेमारचे उंचच उंच कटआउट उभे केले आणि जगभर त्यांची छायाचित्रं गेली. पुण्या-मुंबईच्या मंडळींना याचं हसू येतं. ज्या देशाचा व्हिसाही मिळणार नाही त्याचा झेंडा कशाला, असं विचारतात. मला विचाराल तर पंढरपूरही वर्षातले बाकीचे दिवस दूरच असतं.

आता या प्रेमातून चळवळ कशी उभी राहते? याचं उत्तर कोल्हापुरात फुटबॉलच्या बाहेर मिळतं. शहराच्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा 'देणार नाही' म्हणून गाव उठलं. वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला तो टोल रद्द करावा लागला. त्या मोर्च्यांत पेठांमागून पेठा आल्या त्या एकेकट्या माणसांनी ठरवून आल्या नव्हत्या. जी पोरं रविवारी एकत्र ओरडतात त्यांना सोमवारी एकत्र उभं राहायला निरोप लागत नाही. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण गाव एका आवाजात बोलायला शिकतं कुठं, तर अशा पायऱ्यांवर, हे लेखकाचं म्हणणं मला पटतं.

मात्र या पायऱ्यांना देवघर समजू नये. दगडफेक तिथं झाली आहे, सामने अर्ध्यात बंद पडले आहेत, निकालानंतर पेठेपेठेत पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या आहेत. विशीतल्या पोराच्या नावावर हुल्लडबाजीचा गुन्हा लागतो आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो बाहेर येतो. तेव्हा मात्र ना तालमीचा अध्यक्ष सोबत येतो, ना ज्याचं नाव चषकावर आहे तो नेता. आणि चषक तर बहुतेक नेत्यांच्याच नावाचे. वर्गणीवर चालणारे संघ आता बाहेरून खेळाडू आणतात, अगदी आफ्रिकेतूनही. पेठेनं त्यांना आपलंसं केलं, त्यांना तांबडा रस्सा पचवायला शिकवला, ही गोड बाजू. पण त्याला लागणारे पैसे कुठून येतात आणि त्यांच्याबरोबर काय येतं, हे पुस्तकात थोडं आणखी आलं असतं तर बरं झालं असतं. लेखक स्वतः तालमीचा आहे. घरचं भांडण घरात ठेवायची सवय सुटत नाही.

आणि एवढं सगळं असून या शहरातून राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेली नावं थोडी. अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, तेव्हा पेठांना पहिल्यांदाच तालीम सोडून एका माणसावर एकमत करता आलं.

कोल्हापूरच्या उलट टोक म्हणजे पुणे. तिथं क्लब होते, पैसा होता, बालेवाडीचं मैदान होतं. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये गुंडाळला गेला. २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं त्याआधीच, २०१० मध्ये, दुकान बंद केलं होतं. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. प्रत्येक वेळी कारणं दिली गेली, काही पटण्यासारखीही होती. पण कुणीही पायऱ्यांवरच्या माणसाला बोलावून विचारलं नाही. जिथं तालीम आहे तिथं संघ हरला, फुटला, कर्जात गेला तरी पेठ राहतेच. जिथं नुसती कंपनी आहे तिथं ताळेबंदाची एक ओळ बदलली की पाठीराख्याच्या हातात जुनी जर्सी उरते. बालेवाडीला नियमित जाणारा एक पोरगा मला माहीत आहे. ती जर्सी तो अजून घालतो, गाडी धुताना.

न विचारण्याच्या या गोष्टीपाशी कोलकाता आणि पुणतांबा एकमेकांच्या जवळ येतात.

मोहन बागान म्हणजे १९११ मध्ये अनवाणी खेळून इंग्रज पलटणीच्या संघाला हरवणारा क्लब. २०२० मध्ये त्याचा फुटबॉल विभाग एटीके या कंपनीच्या संघाशी जोडला गेला आणि नावाच्या आधी ती तीन अक्षरं येऊन बसली. ठरवलं कोणी? बंद खोलीत दहा-पंधरा माणसांनी. पाठीराख्यांनी तीन वर्षं तो विषय सोडला नाही. फलक, मोर्चे, रिकाम्या खुर्च्या. संघ जिंकत असतानाही 'एटीके हटवा'. १८ मार्च २०२३ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, संघानं इंडियन सुपर लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं की ती अक्षरं जाणार. त्यांच्या जागी 'सुपर जायंट' आलं, म्हणजे मालकाची खूण राहिलीच. कुळाला अर्धा बांध मिळाला.

आमच्याकडे ३ जून २०१७ ची पहाट अशीच होती. मुंबईत मध्यरात्र उलटेपर्यंत बैठक चालली आणि पहाटे जाहीर झालं की संप मागे घेतला. गावोगाव लोक उठले ते ही बातमी ऐकतच. पारावर एकच वाक्य होतं: "कोणाला विचारून?" जे मुंबईला गेले ते आपलेच होते, चर्चाही करायला हवी होतीच, पण दूध ओतलेल्या माणसाला झोपेतून उठवून सांगायचं की तुझं भांडण मिटलं, हे झोंबतं. राज्यात अनेक ठिकाणी संप तरीही चालूच राहिला. २४ जूनला ३४,०२२ कोटींच्या कर्जमाफीची घोषणा झाली. तिचं पुढे काय झालं हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याची प्रस्तावना मी रागाच्या भरात लिहीन.

संप सुरू झाला त्यानंतर बरोबर एका वर्षानं, १ जून २०१८ ला, अंधेरीच्या मैदानावर भारत आणि चायनीज तैपेई यांचा सामना झाला. भारत पाच गोलांनी जिंकला, कप्तान सुनील छेत्रीनं त्यातले तीन केले. पाहायला अधिकृत आकड्यानुसार २,५६९ माणसं होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं लोकांना उद्देशून एक चित्रफीत टाकली: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. दोन दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली होती. या घटनेकडे लोक कौतुकानं पाहतात. मला तिच्यात एक कबुली दिसते. देशाचा सर्वांत मोठा खेळाडू हात जोडून सांगतो की तुम्ही नसाल तर आम्ही नाही. दुधाचा भाव ठरवणाऱ्यांनी आमच्यासमोर असं कधी म्हटलं नाही.

याच्या उलट चित्र १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर दिसलं. मेस्सी येणार म्हणून लोकांनी हजारो रुपये मोजले. तो आला, पुढारी आणि बड्या मंडळींच्या गराड्यात थोडा वेळ फिरला आणि गेला. गराड्यामुळे तो पायऱ्यांवरून दिसलासुद्धा नाही. मग खुर्च्या उखडल्या गेल्या, बाटल्या फेकल्या गेल्या. त्याच मैदानाबाहेर १८ ऑगस्ट २०२४ ला ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचे पाठीराखे, शंभर वर्षांचे वैरी, खांद्याला खांदा लावून उभे होते. आर. जी. कर रुग्णालयात मारल्या गेलेल्या डॉक्टर मुलीला न्याय मिळावा म्हणून. बंदोबस्ताचं कारण देऊन त्या दिवसाचा सामना रद्द झाला होता. तरी लोक आले आणि लाठ्या खाल्ल्या. शहर तेच, मैदान तेच. एके दिवशी माणसं तिकीट घेतलेली होती आणि एके दिवशी पाठीराखे. फरक मला याहून नेमका सांगता येत नाही.

या माणसांच्या जिवाची किंमत किती कमी धरली जाते, यावरचं प्रकरण वाचताना मन घट्ट करावं लागेल. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात सोळा जण गेले. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेले लिव्हरपूलचे पाठीराखे आज सत्त्याण्णव मोजले जातात. दोष त्यांच्याच माथी मारला गेला. एका वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर त्यांना दारुडे आणि चोर ठरवलं. लिव्हरपूलच्या लोकांनी ते वर्तमानपत्र घेणं बंद केलं, आणि आजही त्या शहरात ते फारसं कोणी विकत घेत नाही. पाठीराख्यांचा दोष नव्हता हे न्यायालयीन चौकशीतून यायला २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं. संप एवढा लांबतो तेव्हा त्याला संप म्हणत नाहीत, सुतक म्हणतात.

हस्तलिखित परत द्यायला मी गेल्या हंगामात कोल्हापूरला गेलो. खोलीतला माझा जुना जोडीदार भेटला. त्याचं त्याच्या तालमीशी बिनसलेलं. नव्या कारभाऱ्यांनी गल्लीतली दोन पोरं बसवून बाहेरचे घेतले म्हणून त्यानं शपथ घेतली होती की हा हंगाम मैदानात पाय ठेवणार नाही. "आपला संप हाय," म्हणाला. सामना चालू होता, आणि आम्ही स्टेडियमबाहेरच्या टपरीवर, तो भिंतीकडे पाठ करून. आत गलका उठला. त्यानं मान हलवली. "आपला न्हवं."

थोड्या वेळानं दुसरा गलका. त्यानं कप खाली ठेवला. "ह्यो आपला."

"कशावरून?"

"आपल्याकडं आधी हलगी वाजतीया आन् मग माणसं वरडत्यात. त्यांच्यात उलटं."

मग चहाचे पैसे देताना त्यानं टपरीवाल्याला, अगदी सहज विचारावं तसं, विचारलं, "किती मिनिटं ऱ्हायली रं?"